खुनशी नायकाला सोबती देताना

मराठीत फँटसी लिहू लागलेल्यांच्या खर्ड्यांत एक जोडी हमखास भेटते. पुढे व्रणांनी भरलेला, मोजकंच बोलणारा, दर दोन प्रकरणांमागे दहापाच मुडदे पाडणारा तलवारबहाद्दर. मागून एखादं निरागस पोर, नाहीतर बडबड्या भाट. पोर हसलं की तलवारबहाद्दराचा चेहरा मवाळ होतो आणि गडी मनाने चांगला आहे हे वाचकाने ओळखून घ्यायचं असतं. सोबत्याला असं नायकाच्या वर्तणुकीचा दाखला देण्याच्या कामाला जुंपलं की दोघेही वाया जातात. नायकाची हिंसा फुकटात माफ होते आणि सोबत्याला स्वतःचं असं काही करायला उरत नाही.

माझ्या मते अशा कथेत हिशेबाचं खातं सोबत्याकडे असावं. नायक मारतो आणि पुढे निघतो. मागे काय राहिलं, कोणाचं काय गेलं, हे बघायला थांबतो तो सोबती. एवढं पक्कं केलं की बाकीचे बरेच निर्णय सोपे होतात. पुढे देतो आहे ती पद्धत दोनतीन खंडांच्या महाकथेसाठी आहे. दहा पानांच्या कथेला एवढा सरंजाम लागत नाही. सोयीसाठी एक जोडी आपण इथेच घडवत जाऊ.

पायरी १ : हिंसा नेमकी ठरवा

खर्ड्यातून ‘क्रूर’, ‘निर्दयी’ ही विशेषणं आधी खोडा. एक कोरं पान घ्या आणि त्यावर नायकाबद्दल चार प्रश्नांची उत्तरं लिहा. तो कोणाला मारतो? कोणाला हात लावत नाही? मारण्याचे पैसे घेतो की राग काढतो? आणि मारल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो? चौथ्या प्रश्नाला बहुतेक लेखक अडखळतात, आणि सोबत्याची खरी गरज तिथेच असते. कारण लढाई नायकाची असते, पण दुसऱ्या दिवशीची सकाळ दोघांची असते.

आपल्या नायकाचं नाव हैबत. भाडोत्री शिलेदार, पैसे मिळतील त्याच्या बाजूने लढणारा. त्याच्या तलवारीला एक शाप आहे. तिने मेलेल्या माणसाचं नाव जगातून पुसलं जातं. आई, बायको, गाव, कोणालाच तो आठवत नाही. हैबतलाही आठवत नाही, म्हणून त्याला झोप छान लागते.

जादू ठरवताना ती हिंसेशीच बांधलेली असू द्या. डोंगर फोडणारी तलवार वाचायला भारी वाटते, पण दुसऱ्या पात्राने तिचं करायचं काय? नाव पुसणारी तलवार आली की लगेच एक जागा रिकामी दिसते: ज्याला हे पुसलं गेलेलं कळतं, असा कोणीतरी हवा.

पायरी २ : सोबत्याला आधी धंदा द्या, मग स्वभाव

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. वय, रूप, विनोदबुद्धी हे नंतर बघू. सोबती पोट कशावर भरतो ते आधी ठरवा, आणि धंदा असा निवडा की नायकाच्या उद्योगाने त्याचं गिऱ्हाईक तुटतं. भाट फार वापरला गेला आहे, आणि तो सोपा का पडतो तेही उघड आहे. नायकाने जितके मारले तितकं त्याला गाणं जास्त. हिंसेवर त्याचं बरं चालतं, म्हणून त्याची तक्रार कधी खरी वाटत नाही. त्यापेक्षा सुईण घ्या, वैदू घ्या, शेताच्या हद्दी मोजणारा मोजणीदार घ्या.

मी कासारीण घेतो. गोदा, पंचावन्नच्या आसपासची. डोक्यावर पाटी, त्यात दोऱ्यांत ओवलेले काकणांचे चुडे. ती गावोगाव हिंडते, ओसरीवर बसते, बायका पुढ्यात येऊन हात देतात. गोदा माप विचारत नाही. अंगठा तळव्यात दुमडायचा, बुंध्याशी असलेलं हाड दाबायचं, बोटं जवळ आणायची, एवढ्यात तिला कळतं. हात तिच्या हातात असतो तेवढा वेळ बाई बोलत असते. सासूबद्दल, उसाबद्दल, नवऱ्याच्या खोकल्याबद्दल. माणसांची नावं गोदाला पटकन आठवत नाहीत, पण पाच परगण्यांतल्या बायकांचे हात तिला पाठ आहेत.

आता शाप आणि धंदा जवळ आणा. गोदा एका गावात येते. एका तरण्या बाईचे हात रिकामे आहेत. दोन महिन्यांपूर्वी तिने स्वतः हिरवा चुडा भरला होता. “काय झालं गं?” तर त्या बाईला सांगता येत नाही. आपल्याला नवरा होता हेच तिला ठाऊक नाही. काकणं कधी उतरवली तेही आठवत नाही. पुढच्या गावात अशा तिघी. गोदा उधारीची वही उघडते, कारण बायकांची उधारी ती नवऱ्याच्या नावावर मांडते आणि सुगीला धान्यात वसूल करते. आकडे जागेवर आहेत. नावांच्या जागी कोरं.

बघा, धंदा नीट बसला की किती गोष्टी न सांगता येतात. ती गुन्हा ओळखू शकते, कारण हात ओळखते. तिची तक्रार रोकडी आहे, तत्त्वाची नाही. आणि जिथे हैबतला बघून वेशीचे दरवाजे बंद होतात तिथे तिला आत बोलावतात. यातली एकही गोष्ट तिच्या ‘प्रेमळ स्वभावातून’ काढावी लागली नाही.

तुमच्या सोबत्यासाठीही धंद्याच्या तीन नोंदी करा: हातात कोणतं कौशल्य आहे, सोबत काय वाहून न्यावं लागतं, आणि कोणती दारं उघडतात. धंदा आजही चालू असेल तर त्या माणसाजवळ तासभर बसून या. बाजारात काकणं भरणारी बाई गिऱ्हाइकाचं लक्ष बोलण्यात गुंतवून शेवटचं काकण कसं सरकवते ते एकदा बघितलं, तर कल्पनेने लिहिलेली तीन पानं आपोआप कचऱ्यात जातील.

पायरी ३ : दोघं वेगळी का होत नाहीत?

वाचक हा प्रश्न विचारतोच. ‘नियतीने बांधलेले’ हे उत्तर चालवून घेऊ नका. गाठ दोन्ही बाजूंनी हवी, आणि दोन्हीकडची कारणं वेगळी हवीत.

जुन्या महाकाव्यांत याचा एक उघडावाघडा नमुना आहे. फिरदौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यात (पूर्ण झालं १०१०च्या सुमारास) सात संकटांच्या वाटेवर नायक रुस्तुम आधी शेताच्या राखणदाराचे कान उपटतो, मग त्या मुलखातला सरदार औलाद चालून येतो त्याला फास टाकून पकडतो. सौदा सरळ आहे: राक्षसाची वाट खरी दाखवलीस तर माझंदरानचं राज्य तुझं, खोटी दाखवलीस तर जीव माझा. लढाईच्या वेळी रुस्तुम त्याला बांधूनही ठेवतो. पकडलेला वाटाड्या, हातात दोर, डोळ्यांसमोर सिंहासन. एवढ्या स्पष्ट गाठीने प्रवास सुरू झाला की लेखकाला मैत्री घुसवायची घाई लागत नाही.

आधुनिक उदाहरण अनेकांना मालिकेमुळे ठाऊक आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या २०००मध्ये आलेल्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स’मध्ये लहानगी आर्या आणि निर्दय योद्धा सँडर क्लेगेन एकत्र फिरतात. तो तिला खंडणीसाठी पळवतो. ती रोज झोपताना ज्यांना मारायचं आहे त्यांची नावं म्हणते, त्यांत त्याचंही नाव आहे. तो तिला तिच्या माणसांपर्यंत नेतो तेव्हा दाराशीच कळतं की आत तिचे लोक कापले जात आहेत. खंडणी द्यायला कोणी उरत नाही. म्हणजे गाठ सुटते, आणि तरी दोघं चालत राहतात. पहिलं कारण संपल्यावर दुसरं कोणतं उरतं, हे लेखक सांगत बसत नाही. ते आपल्याला त्यांच्या वागण्यातून शोधावं लागतं.

हैबत आणि गोदा यांची गाठ अशी: गोदाला पुसलेली नावं हवीत, कारण वही बंद करायची तर वसुली कोणाकडे ते कळलं पाहिजे, आणि ती नावं कशी पुसली गेली याचा धागा फक्त तलवारीपर्यंत जातो. हैबतला गोदा हवी, कारण त्याला एका गावाचा शोध आहे. तिथे त्याचं कोणीतरी होतं एवढंच त्याला जाणवतं. कोण ते आठवत नाही. त्याचा अर्थ काय होतो, हे वाचकाला तिसऱ्या प्रकरणात कळेल. हैबतला कळायला पहिला खंड जाईल.

दर तीनचार प्रकरणांनी तपासा: आज रात्री सोबती उठून निघून गेला तर त्याचं काय बिघडेल? काहीच बिघडत नसेल तर गाठ सैल झाली आहे.

पायरी ४ : निवेदन कोणाच्या डोळ्यांनी?

सोबत्याच्या. यावर मी फार वाद घालणार नाही. खुनशी माणसाच्या डोक्यात शिरलं की त्याची कारणं समजू लागतात, आणि समजली की पटू लागतात. काही लेखकांना तेच हवं असतं, पण मग सोबत्याची गरज कमी होते. बाहेरून बघितलेला नायक जास्त भीती घालतो. जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, ‘बर्सर्क’ (१९८९पासून) सुरू होतो तेव्हा त्याचा नायक गट्स असाच बाहेरून दिसतो. सोबत पक नावाचा इवलासा एल्फ. दुसऱ्याच्या मनातली वेदना त्याला जाणवते, त्याच्या पंखांच्या भुकटीने जखमा भरतात, आणि गट्सला तर अंगाला हात लावलेलाही खपत नाही. बरं करू शकणारा आणि बरं करवून न घेणारा शेजारी शेजारी ठेवले की बरेच संवाद आपोआप लिहिले जातात. (पुढे पक बराचसा विनोदाला वापरला गेला. मला तो सुरुवातीचा जास्त आवडतो.)

लढाई सोबत्याच्या नजरेतून लिहिताना तो कुठे उभा आहे ते आधी ठरवा. गोदा लढाईच्या मध्यभागी नसणार. ती ओढ्याच्या काठाला पाटी सांभाळत बसलेली असेल. तिला आवाज ऐकू येतील, धूळ दिसेल, आणि मग हैबत हात धुवायला ओढ्यावर येईल. तलवारबाजीचे डावपेच लिहायचा मोह असेल तर ते वेगळ्या पानावर लिहून काढा आणि ते पान खर्ड्यात घेऊ नका.

पायरी ५ : विरोध लिहा, आणि मग त्याला सामील करा

याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याकडे महाभारतात, सौप्तिक पर्वात आहे. अठराव्या दिवसाची रात्र. मांडी फुटलेला दुर्योधन शेवटच्या घटका मोजतो आहे. अश्वत्थाम्याला सेनापती केलं आहे, आणि तो अभिषेक कृपाचार्यांच्याच हातून झाला आहे. कृप म्हणजे त्याचे सख्खे मामा. तिघं, म्हणजे हे दोघं आणि कृतवर्मा, वनात वडाखाली उतरतात. दोघांना झोप लागते. अश्वत्थामा जागा आहे. त्याला दिसतं की एक घुबड येऊन झोपलेल्या कावळ्यांना मारतं आहे. तो दोघांना उठवून बेत सांगतो.

कृपाचार्य त्याला अडवतात, आणि नीट अडवतात. दैव आणि प्रयत्न यांची चर्चा करतात, धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांचा सल्ला घेऊ म्हणतात, आणि मग अगदी घरच्यासारखं सांगतात: आज रात्र झोप, सकाळी आपण तिघं मिळून लढू. अश्वत्थामा ऐकत नाही. झोपलेल्यांना मारल्याने किड्यामुंगीचा जन्म आला तरी चालेल, म्हणतो. रथ जोडतो. आणि तेव्हा मामा काय करतात? तुझ्या सुखदुःखात आम्ही सोबत आहोत, असं म्हणून मागोमाग निघतात.

पुढचं भयंकर आहे. अश्वत्थामा शिबिरात शिरतो, कृप आणि कृतवर्मा दाराशी उभे राहतात. जीव घेऊन पळत येणाऱ्यांना, हात जोडणाऱ्यांनाही, हे दोघं कापतात. वर शिबिराला तीन ठिकाणी आग लावतात, आत अश्वत्थाम्याला उजेड मिळावा म्हणून. काही तासांपूर्वी झोप घे म्हणणारा माणूस आता त्याच्या कामाला उजेड पुरवतो आहे.

फँटसी लिहिणाऱ्याने हा प्रसंग पायऱ्यांत उलगडून बघावा. सोबत्याचा युक्तिवाद खरोखर चांगला आहे, लेखकाने त्याला मुद्दाम लुळा ठेवलेला नाही. नायकाचं उत्तर युक्तिवाद म्हणून हरतं, पण निश्चय म्हणून जिंकतं. आणि सोबती कुठल्याही एका क्षणी वाईट व्हायचं ठरवत नाही. तो फक्त मागोमाग जातो, मग दाराशी थांबतो, मग दारातून कोणी आलं म्हणून शस्त्र उचलतो.

तुमच्या सोबत्यासाठी अशी उतरंड आखा. गोदाची अशी: आधी ती हैबतला गावाची वाट सांगते. मग वेशीवरच्या पहारेकऱ्याशी बोलत उभी राहते, तेवढ्यात हैबत मागून आत जातो. मग एका घराचं दार तिच्यासाठी उघडतं, आणि ती ते लावून घ्यायला विसरते. ‘विसरते’ असंच लिहा, मुद्दाम की चुकून ते सांगू नका. त्या घरात जो मरतो त्याचं नाव तिच्याही डोक्यातून जातं. वहीत आणखी एक कोरी ओळ, आणि ती का कोरी आहे हे तिला ठाऊक नाही. वाचकाला मात्र ठाऊक आहे.

पायरी ६ : चाल, जेवण, बोलणं

दोन अनोळखी माणसांचा प्रवास लढाईपेक्षा चुलीपाशी जास्त कळतो. तेव्हा काही रुक्ष गोष्टी आधीच ठरवून टाका. हैबत एकटा दिवसाला दहा कोस जाईल, पाटीवाली गोदा सहा. म्हणजे रोज कोणीतरी कोणासाठी तरी थांबतं. कोण? भाकरी कोण थापतं, आणि पीठ कोणाच्या घरातून आलं? रात्री पहारा कोणाचा? पावसात आधी काय झाकायचं, पाटी की तलवार?

संबोधनांचं वेळापत्रकही बनवा. मराठीत ते फुकट मिळालेलं हत्यार आहे आणि नवे लेखक ते वापरत नाहीत. गोदा सशस्त्र परक्या माणसाला ‘दादा’ आणि ‘तुम्ही’ म्हणणार. यात माया नाही, जीव वाचवण्याची रीत आहे. तो तिला ‘ए म्हातारे’ म्हणणार. पुढे ‘कासारीणबाई’. ‘मावशी’ एकदाच, आणि तेही ती ऐकण्याच्या अंतरावर नसताना. ती ‘तू’ वर कधी येते ते प्रकरणासकट लिहून ठेवा, आणि ते घडेल तेव्हा निवेदकाला त्यावर एक शब्दही बोलू देऊ नका.

आता एक तुकडा जवळून:

गोदाने त्याचा हात ओढून घेतला. अंगठा तळव्यात दुमडला, हाड दाबून बघितलं.
“दोन-दहाच्याही वर. एवढा माल मी ठेवत नाही.”
“मी मागितला का?”
“माप घेऊन ठेवलं, दादा. उद्या तुम्ही कुठे आडवे पडलात तर ओळखायला काहीतरी नको?”
“मला ओळखून कोणाला काय करायचंय?”
“मला करायचंय. वहीत साठ ओळी कोऱ्या आहेत. त्यांच्यापुढे कोणाचं तरी नाव लावायला लागेल ना?”
हैबतने हात सोडवून घेतला आणि भाकरीचा जळका तुकडा विस्तवात टाकला.
“अन्न टाकू नका,” गोदा म्हणाली. “ते पीठही उधारच आहे.”

इथे पश्चात्ताप, माणुसकी, रक्त यांतला एकही शब्द नाही. दोघंही आपापल्या धंद्याबद्दलच बोलत आहेत. संवाद अडला की हाच उपाय करा: पात्राला भावना बोलायला लावण्याऐवजी काम करायला लावा.

पायरी ७ : सुधारणा बोटभरच

दोनतीन खंडांत नायकात एक सवय बदलली तरी पुष्कळ. हैबत शेवटी तलवार टाकून भाकऱ्या भाजू लागला तर सगळी वही वाया. एवढंच करा की तो मारण्याआधी माणसाचं नाव विचारू लागतो. विचारून लगेच विसरतोच. पण गोदा ओरडण्याच्या अंतरावर असते, आणि तो नाव मोठ्याने म्हणतो. ही सुधारणा आहे की आणखी मोठा छळ, यावर वाचकांना भांडू द्या.

पायरी ८ : ताटातूट आणि उशिरा येणारं बिल

सोबत्याचा बळी देऊन नायकाला रडवणं हा सर्रास वापरला जाणारा शेवट. तो वापरायचाच तर इंग्रजी फँटसी लेखक मायकेल मूरकॉकने शापित तलवार बाळगणाऱ्या एल्रिकच्या कथांत वापरला तसा वापरा. ठेंगणा, तांबड्या केसांचा मूनग्लम हा एल्रिकचा साथीदार. जगाच्या शेवटाशी एल्रिकला शिंग तिसऱ्यांदा फुंकायला बळ हवं असतं, आणि मूनग्लम एल्रिकच्या आत्मे पिणाऱ्या तलवारीला स्वतःला देतो. सोबती नायकाच्या अंगावरच्या शापातच संपतो, बाहेरून आलेल्या बाणाने नाही. आर्या उलट करते. जखमी सँडर झाडाखाली पडून मरण मागतो. ती ते देत नाही आणि निघून जाते. यादीतल्या माणसाला न मारणं ही दया की शिक्षा, ते कोणी सांगत नाही.

पण मला पुन्हा महाभारताकडे यायचं आहे, कारण तिथे सोबत्यांचा हिशेब नायकापासून वेगळा चुकता होतो. संहारानंतर तिघं गंगेकाठी वेगळे होतात. कृप हस्तिनापुराला, कृतवर्मा आपल्या देशी, अश्वत्थामा व्यासांच्या आश्रमाकडे. कृप पांडवांच्याच दरबारी राहतात, आणि अखेरीस युधिष्ठिर परीक्षिताला त्यांच्या हाती शिकायला सोपवतो. ज्या पोराला भाच्याने गर्भातच मारायचा प्रयत्न केला, त्याचेच ते गुरू. कृतवर्म्याचं बिल छत्तीस वर्षांनी प्रभासाला येतं. मद्यपानाच्या बैठकीत सात्यकी त्याला टोमणा मारतो की झोपलेल्यांना मारणारा तो तूच. बोलाचाली वाढते, सात्यकी त्याचं डोकं उडवतो, आणि तिथून यादवांचा आपसातला नाश पेटतो. एका दाराशी उभं राहिल्याची एवढी किंमत, आणि तीही त्याने एकट्याने भरलेली नाही.

म्हणून पहिला खंड लिहितानाच एक वेगळी यादी करत चला: प्रत्येक गावात सोबत्याला कोणी पाहिलं, काय करताना पाहिलं, आणि ते माणूस जिवंत आहे का. गोदाच्या यादीत वेशीवरचा पहारेकरी येईल, उघड्या राहिलेल्या दाराच्या घरातली सून येईल, पीठ उधार देणारी म्हातारी येईल. दुसऱ्या खंडाची सुरुवात हैबतकडून करू नका. यादीतलं एक नाव निवडा आणि त्या बाईला गोदाच्या पाटीसमोर आणून बसवा. मापासाठी हात पुढे करायचा की मागे घ्यायचा, ते तिला ठरवू दे.